गाडी मागचे टायर आतून खाते, तेव्हा आधी काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा. २००९ची डिझेल इंडिका, दीड लाख किलोमीटरच्या आसपास चाललेली. सोलापुरातून बार्शी, पंढरपूर, कधी लातूरपर्यंत दुकानांना टेरी टॉवेलचे गठ्ठे पोहोचवायचं काम. मागचे दोन्ही टायर नवे टाकून वर्ष व्हायच्या आत आतल्या कडेला गुळगुळीत झाले, डाव्याची तर तार दिसायला लागली. बाहेरून बघावं तर नक्षी जवळजवळ नवी. पुढचे दोन्ही एकसारखे झिजलेत. अलाइनमेंट दोनदा झाली, दोन्ही वेळेला ‘ओके’. ‘मागे ॲडजस्टमेंट नसते मालक’ हेही ऐकवलं. आता एक जण म्हणतो स्प्रिंग बदला, दुसरा म्हणतो शॉकअप गेलेत, तिसरा म्हणतो टायरच हलका निघाला.

तार दिसणारा टायर आज काढा आणि स्टेपनी लावा, बाकीचं नंतर. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४०च्या वर असतो, डांबर त्याहून तापलेलं, त्यात मागे वजन. असा टायर लातूरला पोहोचेल याची कोणी हमी देऊ नये. आणि झीज तपासताना आतल्या कडेवरून बोट जपून फिरवा, ती तार सुईसारखी घुसते.

टायर हलका असता तर सगळ्या रुंदीत झिजला असता. तुमचा एकाच कडेने गेलाय. इंडिकाची मागची चाकं गाडी ओढत नाहीत आणि वळवतही नाहीत, नुसती मागून येतात. असं चाक उभं आणि सरळ असेल तर त्याने टायर खायचं कारणच नाही. म्हणजे तुमचं चाक एक तर वरून आत कललंय, किंवा तिरकं धावतंय, किंवा दोन्ही. आणि तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की ते रिकाम्या गाडीत थोडं आणि भरलेल्या गाडीत भरपूर होतंय. अलाइनमेंटच्या दुकानात गाडी नेता तेव्हा गठ्ठे उतरवूनच नेत असणार. तिथे माप निघतं ते रिकाम्या गाडीचं. टायर झिजतो तो भरलेल्या गाडीचा.

आता थोडं रचनेबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. इंडिकाला मागे दोन्ही चाकांसाठी स्वतंत्र आर्म आहे, ज्याला सेमी-ट्रेलिंग आर्म म्हणतात. हा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, बॉडीला जिथे बुशवर, म्हणजे रबरी कडीवर, लटकतो तो आस गाडीला आडवा काटकोनात नसून थोडा तिरका असतो. त्यामुळे मागचा भाग दबला आणि चाक वर सरकलं की ते नुसतं वर जात नाही, वरून आतही कलतं आणि त्याची दिशाही किंचित बदलते. नव्या स्प्रिंगवर हे प्रमाणात राहतं. पंधरा वर्षांच्या स्प्रिंगा रिकाम्या असतानाच बसलेल्या असतात, वर गठ्ठे टाकले की चाकं फाकतात. मागून बघितलं तर दोन्ही चाकं खाली पसरलेली, वर जवळ आलेली दिसतात. जुन्या टॅक्सी अशा उभ्या राहिलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. यात गाडीचा दोष काढण्यासारखं काही नाही, या रचनेचा स्वभावच तो आहे.

‘पण टॉवेलला वजन किती असणार?’ हे पण तुम्ही विचारलंय. कापूस सुटा असेल तोवर हलका. गठ्ठ्यात दाबून बांधला की एक गठ्ठा उचलायला दोन माणसं लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. अंदाजावर जाऊ नका. एमआयडीसीत किंवा साखर कारखान्याच्या रस्त्यावर भुईकाटा आहेच. नेहमीचा माल भरून फक्त मागची चाकं काट्यावर चढवा, आकडा लिहून घ्या. मग रिकामी गाडी तशीच चढवा. दोन आकड्यांतला फरक बघितल्यावर स्प्रिंगचं म्हणणं कळेल.

गॅरेज गाठायच्या आधी घरी करण्यासारख्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे टायर वाचणं. झीज कुठे आहे याइतकीच ती कशी आहे हेही महत्त्वाचं. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग उभा असेल तर हवा कमी. मधलाच गेला तर हवा जास्त. टायरच्या गोलाईत जागोजागी खळगे पडले असतील, हात फिरवला की वर-खाली लागत असेल आणि गाडीत घरघर आवाज येत असेल, तर शॉकअपकडे बघा, कारण चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. एकाच जागी सपाट टक्कल पडलं असेल तर हँडब्रेकची केबल अडकते का ते तपासा. तुमच्यात यातलं काही दिसत नाही. सलग, सगळ्या गोलाईत, फक्त आतली कड. म्हणून ‘शॉकअप गेलेत’ म्हणणाऱ्याला आत्ता थांबवा. शॉकअप गळत असतील तर बदलावे लागतीलच, पण या झिजेचं उत्तर ते नाहीत. शॉकअप गाडीची उंची धरत नाही, ते काम स्प्रिंगचं.

एक बारीक खूण आहे, तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. जिथे नक्षी अजून शिल्लक आहे तिथे तळहात टायरवर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला हात सुळकन जातो आणि दुसऱ्या दिशेला नक्षीच्या पट्ट्यांच्या कडा टोचतात, तर टो बिघडलाय, म्हणजे चाकाचं नाक सरळ नाही. बाहेरून आत येताना टोचलं तर नाक बाहेर आहे, आतून बाहेर जाताना टोचलं तर आत. दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत लागलं आणि कड उतरती झिजलेली असेल तर मुख्य कारण कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल. कॅम्बर डोळ्याला दिसतो म्हणून सगळे त्याच्यावरच बोलतात. माझ्या मते टायर लवकर संपवतो तो टो. कललेलं चाक सरळ लोळत असेल तर आतली कड हळूहळू झिजते. तेच चाक तिरकं धावलं की पायताण रस्त्यावर घासत चालल्यासारखं होतं, आणि कललेलं असल्यामुळे तो सगळा मार आतल्या कडेवर येतो.

हिशेब करून बघा. १३ इंची रिमची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ३५० मिलिमीटर. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेच्या मापात ३ मिलिमीटरचा फरक असेल, तर ते चाक प्रत्येक किलोमीटरला साडेआठ मीटर आडवं घासतं. सोलापूर ते बार्शी ७० किलोमीटर धरा, एका फेरीत ६०० मीटर. एवढं घासून टायर टिकेल कसा? आणि ३ मिलिमीटर डोळ्याला अजिबात दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट उंची. सपाट फरशीवर गाडी उभी करा, हवा बरोबर भरलेली असू द्या. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या, चारही चाकांचं. आधी रिकामी, मग नेहमीचा माल भरून. मागच्या डाव्या-उजव्यात सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एक स्प्रिंग जास्त बसलीय किंवा तुटलीय. स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं खाली तुटून बसलं तरी गाडी चालत राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून वाकून टॉर्चने बघाच. ओळखीत हीच गाडी, मागे ताठ उभी राहणारी, असेल तर तिचंही माप घ्या. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा ती तुलना कामाची पडते.

तुमचा डावा टायर आधी गेला, याचं कारण बहुधा रस्त्यावर आहे. ऊस सीझनमध्ये ट्रॉलीला जागा द्यायला डावं चाक डांबरावरून साइडपट्टीवर उतरवायचं आणि परत चढवायचं, हे आपल्याकडे रोजचं. काळ्या मातीत साइडपट्टी खचलेली असते, डांबराची कड विळ्यासारखी उभी राहते. पुढचं चाक आपण बघून चढवतो. मागचं त्याच जागी येऊन आपटतं आणि दणका थेट आर्मच्या बुशला बसतो. म्हणून दोन्हीकडे झीज असेल पण डावीकडे जास्त, तर मी दोन कारणं धरतो. दोन्हीकडचं सामायिक कारण स्प्रिंग आणि वजन. डावीकडचं जादा कारण बुश, बेअरिंग, किंवा वाकलेला आर्म.

ते तपासायला चाक उचलावं लागेल. कच्च्या जागेत जॅक लावू नका. काळी माती वरून टणक दिसते आणि जॅक तिरका होतो. सपाट फरशीवर, पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी गुटके लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडा, कारण मागचं चाक मोकळं फिरायला हवं. उचलल्यावर स्टँड लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

आता चाक वरून आणि खालून धरा आणि आत-बाहेर हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग की बुश, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खटखट बंद झाली तर बेअरिंग. ब्रेक दाबूनही तशीच राहिली तर पुढे आर्मकडे जा. तिथे बुशच्या शेजारी पहार घालून हलकं उचका. नव्या बुशमध्ये आर्म रबराइतकाच हलतो आणि परत जागेवर येतो. गेलेल्या बुशमध्ये आर्म सरकून धातूवर धातू लागतो, रबराला भेगा दिसतात किंवा रबर मधल्या नळीपासून सुटलेलं असतं. सोलापूरच्या उन्हात पंधरा वर्षं राहिलेलं रबर वाळून तडकणारच, त्यात नवल नाही. चाक फिरवून रिम वाकलाय का तेही बघा. जवळ खिळा धरला की लगेच कळतं.

या सगळ्यात गेलेलं काही सापडलं तर माप घ्यायच्या आधी ते बदला. ढिल्या बुशवर काढलेलं माप प्रत्येक खड्ड्यानंतर वेगळं येतं.

माप घ्यायला मशीनच पाहिजे असं नाही. गवंड्याचा ओळंबा आणि सुतळी पुरते. चाक जॅकवरून उतरवलं की ते आधी खालून आत ओढलेलं बसतं, म्हणून गाडी हाताने ढकलून काही मीटर पुढे न्या आणि तिथेच थांबवा, मागे ढकलू नका. रिमच्या वरच्या कडेजवळून ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून रिमची वरची कड आणि खालची कड यांचं अंतर मोजा. ३५० मिलिमीटरच्या रिमवर ६ मिलिमीटर फरक म्हणजे साधारण एक अंश कल. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर सुतळी ताणा, स्टँडला किंवा विटांच्या चळतीला बांधून. डावीकडच्या आणि उजवीकडच्या पुढच्या हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापासून, सुतळीचं अंतर सारखं हवं, मागच्या हबपासूनचंही दोन्हीकडे सारखं हवं. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळलं नाही तरी चालेल, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी वेगळी असू शकते. मग मागच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून सुतळीपर्यंतचं अंतर घ्या. हे सगळं एकदा रिकाम्या गाडीवर आणि एकदा गठ्ठे भरून. दुसऱ्या मापात आकडे उडी मारतात का ते बघा. मारत असतील तर प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातात आलं.

गाडी तिरकी धावते का हे बघायला अजून सोपी रीत आहे. ओल्या रस्त्यावरून कोरड्यावर आलं की चाकांचे पट्टे दिसतात. पावसाची वाट बघाल तर आपल्याकडे दिवस जातील, बादलीभर पाणी ओता. मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांच्या मानाने दोन्हीकडे सारखे पडले पाहिजेत. एकीकडे आत आणि दुसरीकडे बाहेर सरकले, तर मागचा भाग पुढच्याच्या रेषेत नाही. अशा गाडीचं स्टिअरिंगही सरळ रस्त्यावर किंचित वाकडं धरावं लागतं. तुमच्या गाडीत असं असेल आणि बुश-बेअरिंग चांगले असतील तर आर्म वाकलाय किंवा बॉडीला जिथे तो बसतो ती जागा हलली आहे, हे धरून चाला. ते काम घरचं नव्हे.

अलाइनमेंटवाल्याचं काय? ‘मागे ॲडजस्टमेंट नसते’ हे बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांबाबत खरं आहे. फिरवायला नट नाही म्हणून मोजायचंच नाही, हे मात्र चूक. दोनदा ‘ओके’ आलं ते फक्त पुढच्या चाकांचं असणार, आणि तुमचे पुढचे टायर एकसारखे झिजलेत म्हणजे त्याने ते काम नीटच केलंय. पुढच्या वेळी चारही चाकांना प्लेट लावणाऱ्या दुकानात जा, माल भरून जा, आणि मागच्या दोन्ही चाकांचा कॅम्बर आणि टो छापलेली पावती मागा. सांगितलेला ‘ओके’ चालणार नाही, आकडे हवेत.

दुरुस्तीचा क्रम माझा असा राहील. आधी बुश, गरज असेल तिथे बेअरिंग, मग मागच्या दोन्ही स्प्रिंगा जोडीने. एकच स्प्रिंग बदलली तर गाडी एका अंगाला वाकते. बुश बसवताना एक गोष्ट मिस्त्रीकडून करून घ्या, कारण घाईत ती राहून जाते. आर्मचे बोल्ट चाक लोंबकळत असताना घट्ट करायचे नाहीत. आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, आणि वजन आल्यावर आवळायचे. चाक लोंबताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळून बसतं, लवकर फाटतं आणि मागची उंचीही फसवी येते.

स्प्रिंग गरम करून ताणून देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. पाट्याच्या कमानीला कमान मारून देणं हा वेगळा आणि जुना धंदा आहे. गोल स्प्रिंग भट्टीत टाकली की तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, आणि महिन्याभरात ती आधीपेक्षा खाली बसते. वेटोळ्यांमध्ये रबरी बफर घालणं त्यापेक्षा बरं. उंची येते, पण गाडी कडक होते आणि रबराशेजारच्या वेटोळ्यांवर जादा ताण येतो. नव्या स्प्रिंगा मिळेपर्यंत तात्पुरतं म्हणून ठीक. आणि नव्या स्प्रिंगा टाकूनही भुईकाट्यावरचा मागचा आकडा गाडीच्या मर्यादेपलीकडे असेल तर फेऱ्या दोन करा. जड गठ्ठे डिकीच्या टोकाला न ठेवता मागची सीट पाडून शक्य तितके पुढे सरकवले तरी मागच्या चाकांवरचं ओझं कमी होतं.

हाच प्रश्न मारुती ८००, अल्टो किंवा ओम्नीवाल्याने विचारला असता तर माझं उत्तर वेगळं असतं. त्यांना मागे दोन्ही चाकं जोडणारा अखंड ॲक्सल असतो. स्प्रिंग कितीही बसली तरी चाक कलत नाही. तिथे आतली कड गेली तर वाकलेला ॲक्सल किंवा बेअरिंग शोधायचं, स्प्रिंगवर पैसे घालायचे नाहीत.

हवेबद्दल सांगायलाच हवं, कारण आपल्या गावात एक समज घट्ट बसलाय: उन्हाळ्यात हवा कमी ठेवली की टायर फुटत नाही. होतं उलटं. कमी हवेचा टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडतो आणि त्यानेच जास्त तापतो. दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगळे आकडे असतील तर भरलेल्या गाडीचा घ्या. हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी तपासा. बार्शीहून येऊन तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसणारच, ती सोडून देऊ नका. नायट्रोजन भरून ही झीज थांबत नाही.

टायर सगळ्यात शेवटी. आधी नवे टायर घालून मग दुरुस्ती करणारे दोनदा पैसे घालवतात. आणि झिजलेले मागचे पुढे फिरवून ‘चालवून टाकू’ असंही करू नका. तार अजून न दिसलेला उजवा टायर पुढे गेला की स्टिअरिंगमध्ये थरथर येईल आणि तुम्ही पुढचा दोष शोधत बसाल. दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे टाका. दुकानदार पुढे टाकायला सांगेल, तरीही मागेच. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरते, मागची सुटली तर गोल फिरते. घेताना टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का बघा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर नक्षी नवी असूनही रबराने जुना असतो.

नवे टायर बसले की पहिल्याच दिवशी नक्षीची खोली तीन जागी मोजून वहीत लिहा: आत, मध्ये, बाहेर, दोन्ही टायरची. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर परत मोजा. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा भराभर उतरत असेल तर टायर वाचवायला अजून वेळ आहे.

स्प्रिंगा बदलल्या की हेडलाइटही लावून घ्या. मागचा भाग वर आला की पुढच्या दिव्यांचा झोत खाली येतो. तुम्ही पंढरपूरहून रात्री परतता, तेव्हा बंद पडलेली ट्रॉली दिसायला तो झोत लांब पडायला हवा.